नवा डबा जोडला की गाडी त्याच वळणावर घसरते? डबा आधी ओट्यावर ठेवून बघा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते ताडून पाहता येईल. बागेत अंथरलेल्या रुळांवरची छोटी प्रतिकृती-आगगाडी विकतच्या दोन छोट्या डब्यांसह तासन्‌तास धावते. घरी बनवलेला लांब डबा जोडला की एका ठरावीक वळणावर उतरते. सकाळी बहुतेक वेळा नीट जाते, दुपारी हमखास घसरते. डबा उलटा धरून बोटाने फिरवला तर चारही जोड्या चाकं मोकळी. रूळ पाहिला तर डोळ्याला काही दिसत नाही. उचलून परत ठेवली की तीन फेऱ्या सुरळीत, चौथीला पुन्हा तिथेच.

माझ्याकडे हे दोन उन्हाळे चाललं. आमचं घर नाशिकरोडला, जेल रोडवर. मागच्या अंगणात ४५ मिमी गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) २६ मीटरचा लूप आहे. कामासाठी अकरा वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा केली, त्यामुळे डबे करायचे ते पंचवटीचेच, आणि तेही जुने आयसीएफचे (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या आराखड्याचे), हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पहिला डबा तयार झाला त्या संध्याकाळी तो सहा फेऱ्या फिरला. दुसऱ्या दिवशी दुपारी कढीपत्त्याच्या झाडापाशी आडवा झाला आणि तिथून पुढे त्या झाडापाशीच होत राहिला.

मी जे केलं ते आधी लिहितो, कारण बहुतेकांचा हात तिथेच आधी जातो. डबा जिथे पडला तिथला रूळ बदलला. जोडाची कड कानशीने घासली. वळणाची बाहेरची बाजू पत्र्याच्या पट्ट्या घालून २ मिमी उचलली. हे तिसरं तर करूच नका. खऱ्या गाडीला वेगासाठी बाहेरचा रूळ उंच लागतो. आपल्या गाडीचा वेग इतका कमी असतो की त्या उंचीचा उपयोग होत नाही, उलट हलका डबा आतल्या बाजूला कलंडायला मदत होते. प्रत्येक उपायानंतर चार-पाच दिवस गाडी बरी चालायची. दर वेळी वाटायचं, झालं.

चाक चढलं कुठे?

आमचे सासरे इगतपुरीला रेल्वेच्या गँगमध्ये मुकादम होते. उभा जन्म घाटातल्या रुळांवर गेला. मे महिन्यात ते आमच्याकडे आले होते, खुर्ची टाकून गाडी बघत बसले होते. डबा पडला, मी नेहमीप्रमाणे कढीपत्त्यापाशी जाऊन वाकलो. ते म्हणाले, "जावईबापू, पडलं कुठं ते काय बघता? चढलं कुठं ते बघा."

म्हटलं, "मामा, पडलं ते इथंच ना?"

"पडलं इथं. चढलं मागं कुठं तरी. चाक रुळावर चढतं, डोक्यावरनं थोडं चालतं, मग उतरतं. आम्ही खुणा उलट्या शोधत जायचो."

खरी गाडी घसरते तेव्हा चौकशी अशीच होते. चाकाची कड (त्याच्या आतल्या बाजूचा उंच काठ) रुळावर चढली ती जागा एक आणि चाक खाली पडलं ती जागा दुसरी, आणि दोन्ही स्वतंत्र नोंदवतात. बागेतल्या गाडीत ती खूण डोळ्याला दिसत नाही, कारण डबा हलका असतो आणि पितळी रुळावर ओरखडा उठत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. चेहऱ्याला लावायची टाल्कम पावडर मऊ ब्रशने रुळाच्या माथ्यावर अगदी पातळ फिरवायची. पडल्या जागेपासून मागे किमान दोन मीटर. मग गाडी हळू सोडायची.

डबा पडला आणि मी गुडघ्यावर बसून मागे मागे सरकत पाहिलं. नीट चालणारं चाक माथ्यावरची पावडर रुंद पट्ट्यासारखी दाबत जातं, तिथे चकाकी दिसते. पण कढीपत्त्याच्या अलीकडे सुमारे दोन वीत अंतरावर त्या पट्ट्यातून एक केसासारखी रेघ निघाली होती. रुळाच्या आतल्या कडेपासून सुरू होऊन तिरकी माथा ओलांडत बाहेर गेलेली. ती चाकाच्या कडेची वाट. म्हणजे चाक चढलं होतं जिथे सरळ मार्ग संपून वळण सुरू होतं तिथे, आणि मी दोन वर्षं वळणाच्या मध्यावर कानस चालवत होतो. (पावडर नंतर स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर इंजिनाला वीज नीट मिळत नाही.)

चढल्या जागी छोटी स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून पाहिली. डाव्या बाजूचा रूळ तिथे साधारण दीड मिमी खचला होता. विकतचे छोटे डबे त्यावरून बिनतक्रार जात होते आणि माझा एकटाच पडत होता. मग दोष कोणाचा? मामा म्हणाले, दोघांचा. थोडा रुळाचा, थोडा गाडीचा, दोघं एका जागी भेटले की गाडी उतरते. रुळाचं पॅकिंग, म्हणजे खाली खडी सारून तो उचलणं, मी त्याच दिवशी केलं. पण बागेतला रूळ हा पावसापाण्याने खचणारच, दीड मिमी सोसण्याची ताकद डब्यात हवी.

मला फसवणारी तपासणी

रूळ की डबा हे ठरवायला सगळे एक युक्ती सांगतात: डबा पुढचा मागे करून जोडा. तरीही तिथेच घसरला तर रूळ दोषी. मी हे पहिल्याच महिन्यात केलं होतं. डबा फिरवला तरी घसरला, म्हणून मी रुळाच्या मागे लागलो.

ही युक्ती एका दोषाच्या बाबतीत साफ खोटी ठरते. डब्याचा तळ पिळला गेला असेल तर. एक पोस्टकार्ड घ्या आणि ओला कपडा पिळतात तसं दोन्ही टोकांनी हलकं पिळा. समोरासमोरचे तिरपे दोन कोपरे वर जातात, उरलेले दोन खाली. आता कार्ड अर्धा फेरा फिरवा. पुढचा डावा कोपरा मागचा उजवा झाला, पण तोही वरच होता. चित्र जसंच्या तसं. पिळलेला डबा पुढचा मागे केला तरी पुढचं डावं चाक हलकंच राहतं. आणि माझा लूप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालतो, म्हणजे वळणावर बाहेरच्या रुळाला भिडणारं पहिलं चाक नेमकं पुढचं डावं.

त्याऐवजी दोन गोष्टी करा. पहिली, डबा न फिरवता अख्खी गाडी उलट दिशेने चालवा. पिळलेला डबा असेल तर आता पुढे येणारं बाहेरचं चाक दुसऱ्या तिरप्या जोडीतलं असतं, वजन असलेलं, आणि गाडी बऱ्याचदा निमूट जाते. माझी गेली. दुसरी, डबा ओट्यावर ठेवा.

स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा घरातली सगळ्यात सपाट जागा असते. नसेल तर खिडकीच्या जाड काचेचा तुकडा. डबा त्यावर उभा करा. वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद आठ पट्ट्या कापा, प्रत्येक चाकाखाली एक सरकवा, आणि एकेक पट्टी दोन बोटांनी अलगद ओढा. वजन असलेल्या चाकाखालची पट्टी अडते. ज्या चाकाखालची पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी निघते ते चाक हवेत आहे. माझा डबा सकाळी तपासला तेव्हा पुढच्या डाव्या चाकाची पट्टी सैल होती, पण अडत होती. डबा तासभर गच्चीवर उन्हात ठेवला आणि परत ओट्यावर आणला. आता तिथे पोस्टकार्ड आरपार जात होतं. मागच्या उजव्या चाकाखालीही.

दुपारी का आणि सकाळी का नाही, ते तिथे समजलं. डब्याचं अंग ३ मिमी ॲक्रिलिकचं, अंबडच्या एमआयडीसीत लेझरने कापून आणलेलं. खालचा तळ ॲल्युमिनियमच्या चॅनेलचा. ॲक्रिलिक दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०७ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम ०.०२३. सकाळच्या २५ अंशांपासून उन्हात तापून ५५ पर्यंत गेलं तर ६६७ मिमी लांबीचं अंग १.४ मिमी वाढतं, तळ अर्धा मिमीही वाढत नाही. फरक जवळपास १ मिमी. अंग सहा स्क्रूंनी तळाला आवळलेलं, त्यातल्या एका कोपऱ्याच्या स्क्रूचे आटे गेलेले. म्हणजे तीन कोपरे घट्ट धरलेले आणि चौथा सरकणारा. ऊन लागलं की तळ पिळला जायचा. ओझर-निफाडच्या थंडीत पहाटे गाडी चालवणाऱ्यांना हेच उलट बाजूने दिसू शकेल.

दुरुस्ती

अंग फक्त मधल्या जोडीच्या स्क्रूंनी पक्कं केलं. टोकांची चारही भोकं लांबट केली, लांबीच्या दिशेने ३ मिमी, आणि तिथे स्प्रिंग वॉशर घालून स्क्रू टेकण्यापुरताच फिरवला. आता अंग दोन्हीकडे हवं तसं वाढतं आणि तळाला ओढत नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट बोगीची. (आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे खालचा चार चाकांचा गाडा.) मी दोन्ही बोग्या रुंद वॉशरवर बसवल्या होत्या, डबा डुलू नये म्हणून. दिसायला छान, पण त्यामुळे डबा चार पायांच्या टेबलासारखा झाला, आणि चार पायांचं टेबल उखीरवाखीर जमिनीवर डुगडुगतं. तिवई डुगडुगत नाही. डब्याला तिवई करायचं: एक बोगी रुंद वॉशरवरच ठेवायची, ती पुढे-मागे झुकेल पण बाजूला कलणार नाही. दुसरी बोगी मधोमध एका छोट्या गोल रबरी रिंगवर टेकवायची, ती दोन्ही दिशांना मोकळी. डब्याचा तोल पहिली सांभाळते, रुळाचा खळगा दुसरी गिळते. बोगीचा मधला स्क्रू आवळून मग अर्धा आटा मागे घ्या आणि खाली नायलॉनच्या कड्याचा नट लावा, म्हणजे धावताना तो सुटत नाही. बोगी हातात धरून कलवली की एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा ३ मिमी वर जायला हवं, अंग न उचलता. एवढं मिळालं की झालं.

तरीही घसरत असेल तर लांबी आणि कपलिंग बघा

आयसीएफ डब्याच्या अंगाची लांबी २१.३३७ मीटर. १:३२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाइतका केला तर, ६६७ मिमी. दोन बोग्यांच्या मध्यांतलं अंतर १४.७८३ मीटर, म्हणजे ४६२ मिमी. (१:३२ ला आपलं १६७६ मिमीचं ब्रॉडगेज ५२ मिमीच्या वर जातं आणि रूळ मिळतात ४५ चे. ती तडजोड मी मान्य केली आहे. रुळाप्रमाणे माप धरलं तर १:३७ येतं आणि मग इंजिन शोभत नाही.) विकतच्या पहिल्या संचात जे वळण येतं ते एलजीबी या बागेतल्या गाड्यांच्या जर्मन ब्रँडच्या मापात ६०० मिमी त्रिज्येचं. त्यावर ६६७ मिमीचा डबा ठेवला तर पोट ४६ मिमी आत येतं आणि टोकं तेवढीच बाहेर जातात. शेजारचा छोटा दोन धुरांचा डबा जागचा हलत नाही. कपलिंग (दोन डबे जोडणारा दुवा) डब्याच्या अंगाला बसवलं असेल तर ते शेजारच्या डब्याच्या हुकाला बाजूला खेचतं आणि हलका डबा रुळावरून ओढून काढतं. डावं वळण संपून लगेच उजवं सुरू होत असेल तर एकाचं टोक डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे, मधला फरक ९२ मिमी. तिथे काहीही केलं तरी टिकणार नाही.

१२०० मिमी त्रिज्येवर तेच आकडे २२ आणि २४ वर येतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जागा असेल तर वळण मोठं करा, डबा छोटा करू नका. जागा नसेल तर डबा ५०० मिमीचा करा, खिडक्यांचे काही गाळे कमी करून. खिडक्या अरुंद करू नका. पंचवटीचा डबा ओळखू येतो तो खिडक्यांच्या ठेक्यावरून आणि तो ठेका मोडला की रंग कितीही बरोबर दिला तरी डबा परका वाटतो. एलएचबी (नव्या, जर्मन आराखड्याचा) डबा आणखी मोठा, २३.५४ मीटर, म्हणजे ७३६ मिमी. तो १२०० च्या आत आणूच नका.

अरुंद वळणावर कपलिंग बोगीला बसवा, ते वळणाबरोबर वळतं. मात्र त्याची किंमत मोजावी लागते: गाडी मागे ढकलताना सगळा जोर बोगीवर येतो आणि ती तिरपी होते. ज्यांच्या मांडणीत गाडी मागे घ्यावी लागते त्यांनी एका टोकाला बोगीचं, दुसऱ्या टोकाला अंगाचं असं करून पाहावं. माझा लूप असल्याने मी दोन्हीकडे बोगीचंच ठेवलं आहे.

डबे सजवताना नकळत घुसणारे दोष

आतले दिवे हे पहिलं. दिव्यांसाठी चाकांतून वीज घेणारी तार बोगीतून वर जाते. मी घरातल्या वायरिंगची उरलेली एकेरी तार वापरली होती. ती स्प्रिंगसारखं काम करते: बोगी वळली की तिला परत सरळ ढकलते, वळणावर कड सतत रुळावर दाबलेली राहते. बारीक बहुतारी सिलिकॉनची वायर घ्या, बोगीच्या मधल्या स्क्रूभोवती सैल वेढा देऊन मग वर न्या. डबा टांगून धरला आणि बोगी तिरपी करून सोडली, तर ती तिथेच थांबली पाहिजे. आपोआप सरळ आली तर तार ताठ आहे.

दोन डब्यांमधल्या ये-जा करायच्या वाटेचा (व्हेस्टिब्यूलचा) पडदा मी काळ्या फोमचा केला होता. दिसायला सुरेख, पण वळणावर आतल्या बाजूने दबून डब्यांना बाहेर लोटायचा. आता छत्रीच्या कापडाची घडी घातली आहे, तिला जोरच नाही.

वजनाचं तर सगळ्यांनाच भोवतं. माझा पहिला डबा ६४० ग्रॅमचा होता, त्यात वर छताखाली दिवे आणि बसलेली माणसं. हलका डबा इंजिनाच्या लगेच मागे आणि जड डबे त्याच्या मागे असले की वळणावर दोरी ताणल्यासारखा तो आत ओढला जातो. टायरवाल्याकडे चाकाचा तोल करायला चिकटवायच्या वजनांच्या पट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे. त्या तळावर, बोग्यांच्या बरोबर वर, डावी-उजवीकडे सारख्या लावल्या आणि डबा १ किलोवर आणला. यापुढे जाऊ नका. माझ्याकडे एका बाजूला ४० ला १ चा चढ आहे. सहा किलोच्या रेकला (जोडलेल्या डब्यांच्या रांगेला) नुसता तो चढच १५० ग्रॅमची ओढ मागतो, घर्षण वेगळं. कसारा-इगतपुरी घाट ३७ ला १ आहे आणि तिथे खऱ्या गाडीलाही मागून ढकलणारं जादा इंजिन (बँकर) लावतात.

सांध्यावरच घसरत असेल तर

(सांधा म्हणजे एका मार्गातून दुसरा फुटतो ती जागा.) मग वरचं सगळं बाजूला ठेवून व्हर्नियर (बारीक अंतर मोजायची सरकती पट्टी) घ्या. धुरेवरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मोजा. साधारण ४० मिमी हवं. एका पाकिटातल्या आठ जोड्यांपैकी माझ्या दोन ३८.६ निघाल्या. साध्या रुळावर त्या चालतात, सांध्यातल्या चेकरेलवर (चाकाला वाटेवर धरणाऱ्या आतल्या जादा रुळावर) चाकाची पाठ चढते. चाक पिळत पिळत बाहेर ओढून बरोबर करता येतं. तीन ठिकाणी मोजा, चाक वाकडं बसलं असेल तर आकडा बदलतो.

रुळाचं काय?

रूळ पूर्ण निर्दोष नाही, हे मी विसरलेलो नाही. आमच्या भागातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर थेट अंथरलेला रूळ दर वर्षी वेगळा होतो. वळणाच्या तोंडापाशी मी वीतभर खणून माती काढली, मुरूम ठोकून भरला, वर ६ मिमीची खडी. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस संपला की, एकदा लेव्हल घेऊन पूर्ण लूप फिरायचं. आडवी लेव्हल जिथे एका डब्याच्या लांबीत मिमीपेक्षा जास्त बदलते तिथे खडी भरायची. मामा हे काम स्वतः करतात, पातळ लोखंडी पट्टीने स्लीपरखाली खडी सारतात आणि मला हात लावू देत नाहीत.

सध्या चार डबे या पद्धतीने झाले आहेत. पाचवा जुनाच आहे, सहा स्क्रूंनी आवळलेला, तो मी मुद्दाम तसाच ठेवून दुपारी अडीचला जोडून पाहिला. कढीपत्त्यापाशी आडवा झाला. बाकीचे चार त्याच उन्हात एक तास दहा मिनिटं फिरले. त्यांच्यातल्या तिसऱ्याच्या कपलिंगचा आकडा सांध्याच्या मधल्या पट्टीला अजून घासतो, आवाज येतो. तो ३ मिमी वर घ्यायचा आहे.